डब्यावर ‘८के’, आत काय? एचडीएमआय केबल खरी की नुसती छापील, ते घरी कसं तपासायचं

“चित्र येस ना भाऊ, मंग वायरमा काय खोट शे?” (चित्र येतंय ना, मग वायरमध्ये खोट काय?) अमळनेरजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. भिंतीतून गेलेली १५ मीटरची एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणारी) मीच दोन वर्षांपूर्वी टाकली होती. डब्यावर ठळक अक्षरांत ‘८के’ लिहिलेलं होतं. जुना प्रोजेक्टर फुल एचडीचा होता, त्यावर दोन लग्नसराया सुरळीत गेल्या. मग त्यांनी ४केचा नवा प्रोजेक्टर आणला आणि भर रिसेप्शनला पडदा दर पाच-दहा मिनिटांनी काळा पडू लागला. प्रोजेक्टर बदलून पाहिला, लॅपटॉप बदलून पाहिला. दोष केबलमध्येच निघाला. ती पहिल्या दिवसापासून डब्यावरच्या दाव्याच्या जवळपासही नव्हती, फक्त तिच्यावर तेवढा भार कधी पडला नव्हता. शेवटी प्लास्टर फोडावं लागलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: जितका दावा, तितका भार टाकून पाहिल्याशिवाय केबल भिंतीत जात नाही. ती तपासणी घरच्या घरी, फारशी यंत्रं न घेता कशी करायची ते इथे सविस्तर सांगतो. जळगाव, धुळे, भुसावळकडे आता घरोघरी ४के टीव्ही आहेत, शाळांत मोठे पॅनल लागलेत, आणि केबल मात्र अजूनही “द्या हो एखादी चांगली” एवढ्यावरच घेतली जाते.

आधी हिशेब: तुम्हाला किती लागतं?

केबलचा दर्जा म्हणजे एका सेकंदात ती किती बिट न चुकता पोचवते, एवढंच. हिशेब एकदा स्वतः करून पाहिला की डब्यावरचे आकडे बोलायला लागतात.

४के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. पण तारेतून जाणाऱ्या चित्राला न दिसणारी कडाही असते. ती धरून ४४०० गुणिले २२५०, म्हणजे बरोब्बर ९९ लाख ठिपके होतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे ५९ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे प्रत्येकी ८, म्हणजे २४ बिट. शिवाय या पद्धतीत दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागतात. गुणाकार केला की सेकंदाला १७.८२ गिगाबिट, म्हणजे १७.८२ अब्ज बिट येतात. ‘१८ जीबीपीएस’ (सेकंदाला १८ गिगाबिट) हा आकडा डब्यावर येतो तो इथून.

सेकंदाला ३० चित्रं असतील तर याच्या निम्मे, ८.९१. फुल एचडीला ६० चित्रांवर साधारण ४.५ पुरतात. त्या मंगल कार्यालयातल्या केबलचं गुपित याच आकड्यात आहे. जुना प्रोजेक्टर साडेचार मागत होता, नव्याने जवळपास अठरा मागितले.

म्हणून खरेदीआधी ठरवा. एचडी सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वर्गातला फुल एचडी प्रोजेक्टर यांना साधी हाय स्पीड केबल भरपूर झाली, तिथे महागडी घेऊन काही मिळत नाही. ४के टीव्हीला लॅपटॉप किंवा ४के स्ट्रीमिंग बॉक्स ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) जोडायचा असेल तर १८ ची केबल लागते. नव्या गेमिंग कन्सोलला किंवा कॉम्प्युटरला ४के १२० हर्ट्झवर चालवायचं असेल तर ४८ ची.

डब्यावरचे कोणते शब्द खरे?

एचडीएमआयच्या केबलची अधिकृत नावं मोजकीच आहेत. ‘स्टँडर्ड’ ही सर्वांत जुनी, ७२०पी आणि १०८०आय या जुन्या एचडी दर्जांपुरती. ‘हाय स्पीड’ ही १०.२ गिगाबिटपर्यंतची, म्हणजे फुल एचडी आणि ३० हर्ट्झचं ४के. ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ गिगाबिटची, तिचा प्रमाणन कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटची, ४के १२० आणि ८के ६० साठी. २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ बरोबर ९६ गिगाबिटची ‘अल्ट्रा९६’ आली आहे, पण घरगुती वापराला तिची गरज पडावी अशी उपकरणं अजून आपल्याकडे नाहीतच म्हटलं तरी चालेल.

आता ही नावं सोडून जे काही डब्यावर असतं ते पाहा. ‘एचडीएमआय २.१ केबल’. केबलला असा आवृत्तीचा आकडा लावायला परवाना देणारी संस्था परवानगीच देत नाही. आवृत्ती ही उपकरणांसाठीच्या नियमपुस्तकाची असते, केबलला फक्त वरच्यांपैकी एक नाव असतं. ज्या डब्यावर नुसतं ‘२.१’ आहे आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे शब्द कुठेच नाहीत, तो मी बाजूला ठेवतो. ‘४के सपोर्ट’ असं नुसतं लिहिलं असेल तर किती हर्ट्झवर, हे विचारा. ३० हर्ट्झवर चालणारी केबलही ४केची म्हणता येते आणि ते खोटंही ठरत नाही. ‘सोन्याचा मुलामा’ गंज लागू नये म्हणून टोकाला देतात, त्याचा वेगाशी संबंध नाही. “रंग जास्त खुलतात” हे तर साफ चूक. बिट पोचले तर जसेच्या तसे पोचतात, महागड्या तारेने लाल रंग आणखी लाल होत नाही.

शिक्का काउंटरवरच स्कॅन करा

प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन्ही प्रकारच्या डब्यांवर प्रमाणनाचं लेबल असतं. त्यावर होलोग्राम आणि क्यूआर कोड असतो. तो वाचायला एचडीएमआयच्या परवाना संस्थेचं ‘एचडीएमआय केबल सर्टिफिकेशन’ नावाचं मोफत ॲप आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीसाठी. दुकानात जाण्याआधी घरच्या वायफायवर ते उतरवून घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या गर्दीच्या ठिकाणी तळमजल्यावर उभं राहून डाउनलोडची वाट पाहत बसलात की मागचं गिऱ्हाईक रेटतं आणि तपासणी राहून जाते.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. क्यूआर कोड फोनच्या साध्या कॅमेऱ्याने किंवा पैसे देण्याच्या ॲपने वाचतात, कुठलं तरी छान दिसणारं संकेतस्थळ उघडतं आणि समाधान होतं. क्यूआर कोड कुणीही छापू शकतो आणि त्यातून हवं ते पान उघडू शकतो. म्हणून त्याच ॲपमधून स्कॅन करायचं. ॲपने होकार दिला की तिथे थांबू नका: पडद्यावर आलेला ब्रँड आणि केबलची माहिती डब्याशी जुळते का ते पाहा. प्रमाणन प्रत्येक लांबीला वेगळं लागतं. २ मीटरची पास झाली म्हणून त्याच कंपनीची ५ मीटरची आपोआप पास होत नाही. होलोग्रामही तिरपा करून पाहा. लेबलाची नुसती रंगीत झेरॉक्स असेल तर त्याची चमक बदलत नाही.

मग केबल बाहेर काढायला सांगा. अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या आवरणावर तिचं पूर्ण नाव छापलेलं असावं लागतं. डब्यावर आहे आणि तारेवर नाही, तर डबा एकाचा आणि तार दुसऱ्याची असू शकते.

शिक्का नाही म्हणजे केबल खराबच, असंही नाही. हाय स्पीडपर्यंतच्या केबलला असलं स्कॅनचं लेबल नसतंच. पण १८ किंवा ४८ चा दावा आहे आणि शिक्का नाही, तर पुढची परीक्षा झाल्याशिवाय मी त्या दाव्यावर विसंबत नाही.

हाताला काय कळतं आणि काय नाही

आवरणावर ‘एडब्ल्यूजी’सोबत आकडा असतो: ३०, २८, २६, २४. आकडा जितका लहान तितकी आतली तार जाड. दीड मीटरला ३० चालून जाते. ८-१० मीटर लांबीवर ३० दिसलं आणि दावा १८ गिगाबिटचा असेल, तर संशय घ्या. उलट जाडजूड, जाळीचं आवरण असलेली केबल पाहून भुलू नका, आत नुसतं जाड प्लास्टिकही निघतं.

एकाच प्रकारच्या पंधरा-वीस केबल घ्यायच्या असतील, शाळेसाठी किंवा ऑफिससाठी, तर एक केबल बळी द्या. कापून आतली बारीक तार काढा. ‘शुद्ध तांबं’ असा दावा असेल तर ब्लेडने हलकेच खरवडा. वरून चंदेरी आणि खाली लालसर निघाली तर तांब्यावर कथिलाचा मुलामा आहे, ते चांगलंच. वरून लालसर आणि खाली पांढरट निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर आहे. लोहचुंबकाला तार चिकटली तर आत पोलाद आहे. खरं सांगायचं तर अतिवेगाचे सिग्नल तारेच्या कातडीवरूनच धावतात, त्यामुळे अशी केबल आखूड लांबीत चालूनही जाते. पण लांबी वाढली की ५ व्होल्टची तार आणि दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या तारा अशक्त पडतात, आणि वळणावर ती लवकर तुटते. शिवाय शुद्ध तांबं म्हणून दुसरंच विकलं, हा मुद्दा उरतोच.

बाजारात दिवे लागणारे छोटे एचडीएमआय टेस्टर मिळतात. १९ पिना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेल्या आहेत का, एवढंच ते सांगतात. माझ्या १५ मीटरच्या केबलने त्या टेस्टरवर सगळे दिवे लावले असते. वेगाबद्दल तो टेस्टर काहीच बोलत नाही.

खरी परीक्षा: पूर्ण भार

आता मुख्य काम. १८ गिगाबिटच्या दाव्यासाठी लागेल ४के ६० हर्ट्झ देणारा लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर, ४के टीव्ही, आणि एक आखूड, खात्रीची केबल. ही खात्रीची केबल फार महत्त्वाची आहे. ती शिक्का तपासून एकदा विकत घ्या आणि फक्त तपासणीसाठी जपून ठेवा.

सुरुवात टीव्हीच्या सेटिंगपासून. बऱ्याच टीव्हींमध्ये एचडीएमआयचं तोंड (पोर्ट) मुळात अर्ध्या ताकदीवर ठेवलेलं असतं. इनपुटच्या सेटिंगमध्ये ‘एनहान्स्ड’, ‘डीप कलर’, ‘यूएचडी कलर’ अशा काहीतरी नावाचं बटण असतं. ज्या तोंडात केबल लावणार, त्याच तोंडासाठी ते चालू करा. हे राहिलं की चांगली केबलही नापास होते. अशा कितीतरी केबल लोकांनी मला “खराब आहे” म्हणून आणून दिल्या आणि माझ्याकडे त्या ठणठणीत चालल्या.

मग खात्रीची केबल लावा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. तिथे चार गोष्टी दिसतात: रिझोल्यूशन, हर्ट्झ, बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट. तुम्हाला हवं आहे ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ, ८ बिट, आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांची पूर्ण माहिती). खात्रीच्या केबलवरही ६० हर्ट्झ मिळत नसेल तर लॅपटॉपचं तोंडच जुनं आहे. एचडीएमआय १.४ चं तोंड ४केला ३० हर्ट्झवरच थांबतं. अशा लॅपटॉपने कुठलीच केबल १८ साठी तपासता येणार नाही, दुसरा शोधा.

चारही ओळी बरोबर आल्या की आता संशयित केबल लावा आणि त्याच चार ओळी पुन्हा वाचा. सर्वांत जास्त फसगत होते ती चौथ्या ओळीवर. कलर फॉरमॅट आरजीबी न राहता ‘वायसीबीसीआर ४२०’ झालेला असू शकतो. याचा अर्थ रंगांची माहिती कमी करून चित्र पाठवलं जातंय. तेव्हा ४के ६० हर्ट्झलाही फक्त ८.९१ गिगाबिट लागतात, आणि हाय स्पीडची साधी केबलही आरामात ‘पास’ होते. टीव्हीच्या कोपऱ्यात ‘२१६०पी ६०’ लिहून येतं, दुकानदार ते बोटाने दाखवतो, आणि अर्धाच भार टाकलेला असतो. ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन आरजीबी स्वतः निवडा. डोळ्याने खात्री करायची असेल तर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहिलेलं चित्र पूर्ण पडद्यावर उघडा. ४:२:० (म्हणजे वरचं ‘४२०’) असेल तर अक्षरांच्या कडा विरघळलेल्या दिसतात, आरजीबी असेल तर कोरीव राहतात. काळ्या-पांढऱ्या अक्षरांवर हा फरक कळत नाही.

यानंतर तासभर पाहायचं. पूर्ण काळं किंवा गडद राखाडी चित्र लावा आणि खोलीत अंधार करा. हद्दीवर असलेली केबल काळ्या पडद्यावर बारीक चमकणारे ठिपके टाकते, काजव्यासारखे, क्षणभर दिसून जाणारे. चालत्या सिनेमात ते नजरेतून सुटतात. त्याहून वाईट केबल मधूनच आडवी रेघ मारते, किंवा पडदा एक-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. तासाभरात एक ठिपका दिसला तरी माझ्या लेखी केबल १८ ची नाही. मग दोन्ही टोकांना केबल हलकेच वर-खाली, डावी-उजवी हलवा. तेवढ्याने चित्र गेलं तर टोकाचं सोल्डरिंग कच्चं आहे. भिंतीत टाकायची असेल तर तिथे जशी वळणं येणार आहेत तशीच वळणं देऊन ठेवा आणि मग तास मोजा.

ठिपके दिसले की लगेच निकाल देऊ नका. पुन्हा खात्रीची केबल, पुन्हा संशयित, असं दोन-तीनदा अदलाबदल करा. मध्ये स्प्लिटर (एका सिग्नलचे दोन करणारा डबा), स्विच किंवा साउंडबार असेल तर तो काढून थेट जोडा. केबलच्या नावाने येणाऱ्या तक्रारींत जुना स्प्लिटर अनेकदा खरा गुन्हेगार निघतो.

ही परीक्षा एवढी डोळ्यात तेल घालून करायचं कारण आहे. १८ पर्यंतच्या पद्धतीत पाठवणारं उपकरण केबलला काहीच विचारत नाही. समोरच्या टीव्हीला ४के ६० जमतं का एवढं विचारतं आणि पाठवायला लागतं. त्यामुळे पर्याय यादीत दिसतो, पण केबलला तो पेलतोच असं नाही. ४८ च्या पद्धतीत हे सुधारलं आहे. तिथे चार वाटांवरून प्रत्येकी १२ गिगाबिटपर्यंत जातात, आणि चित्र सुरू होण्याआधी दोन्ही उपकरणं नमुन्याचे बिट पाठवून केबल पारखतात. जमलं नाही तर खालच्या वेगावर उतरतात.

म्हणून अल्ट्रा हाय स्पीड तपासताना ठिपक्यांबरोबरच ‘कोणता पर्याय गायब झाला’ हेही पाहायचं. ४के, १२० हर्ट्झ, १० बिट, आरजीबी निवडा, हा भार सुमारे ४० गिगाबिटचा होतो. खात्रीच्या केबलवर तो पर्याय येतो आणि संशयितवर येत नाही, किंवा निवडल्यावर पडदा काळा होऊन जुन्या सेटिंगवर परत येतो, तर उत्तर मिळालं. कन्सोल असेल तर त्याच्या व्हिडिओ माहितीच्या पानावर रिझोल्यूशन, हर्ट्झ आणि रंगाचा प्रकार दिसतो, तो दोन्ही केबलवर ताडून पाहा.

आपल्या उन्हाबद्दल एक सांगायलाच हवं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीतला पाइप त्याहून तापतो. वेगवान सिग्नलवर याचा परिणाम थोडाच होतो, पण जी केबल डिसेंबरात काठावर पास झाली तिला नापास करायला तेवढा थोडाही पुरतो. मी शक्य असेल तर दुपारी तपासतो. लग्नसराई उन्हाळ्यातही असते.

लांब केबलचा वेगळा हिशेब

तांब्याच्या साध्या केबलला मर्यादा आहे. ४८ गिगाबिट ५ मीटरच्या आसपासपर्यंत ठीक, १८ गिगाबिट चांगल्या जाड तारेने ७-८ मीटरपर्यंत. त्यापुढे १५ मीटरची साधी तांब्याची केबल, बोटाएवढी जाडही नाही आणि दावा ‘८के’, हे डबा न उघडताच अशक्य म्हणून सोडून द्यायला हवं होतं. तेवढ्या अंतराला ऑप्टिकल केबल लागते, जिच्या आत काच असते आणि टोकांत चिप. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी टाकली की चित्र येत नाही आणि लोक केबल मेली समजतात. तिला काटकोनात मोडू नका, आणि पाइपातून ओढताना टोकाला धरून ओढू नका. तिचीही पूर्ण भाराची परीक्षा जमिनीवर पसरूनच करायची.

डिस्प्लेपोर्टची (कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडायची दुसऱ्या प्रकारची) केबल घेणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे व्हेसा ही संस्था प्रमाणन करते आणि प्रमाणित केबलची यादी तिच्याकडे पाहता येते. ‘डीपी४०’ आणि ‘डीपी८०’ ही नावं अनुक्रमे ४० आणि ८० गिगाबिटची. स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये २० नंबरची पिन दोन्ही बाजूंना जोडलेली असण्याचा धोका असतो. ती वीजपुरवठ्याची पिन आहे आणि साध्या केबलमध्ये जोडलेली नसावी. कॉम्प्युटर बंद असूनही मॉनिटरकडून त्यात वीज शिरते आणि तो विचित्र वागू लागतो. टाइप-सी केबलबद्दल: मोबाइलसोबत येणारी बहुतेक चार्जिंग केबल व्हिडिओ नेतच नाही, तिला दोष देऊ नका.

नापास निघाली तर

बिल घ्या, कच्ची चिठ्ठी नको. बिलावर “४८ जीबीपीएस, अल्ट्रा हाय स्पीड” असा दावा दुकानदाराकडून लिहून घ्या. दोन शब्द जास्त लिहायला तो नाही म्हणाला, तर त्याला स्वतःलाच खात्री नाही असं समजा. डब्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा क्रमांक असणं वैध मापन नियम २०११ प्रमाणे बंधनकारक आहे. ज्या डब्यावर हे नाही, तो घेऊच नये. डबा आणि लेबल परीक्षा होईपर्यंत फाडू नका. चार ओळींच्या पडद्याचा आणि ठिपक्यांचा व्हिडिओ काढा, आधी खात्रीच्या केबलवर, मग संशयितवर, एकाच सलग चित्रीकरणात. असा व्हिडिओ दाखवल्यावर मला बदलून न देणारा दुकानदार क्वचित भेटला. तरी अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पास झालेल्या केबलच्या दोन्ही टोकांना मी कागदी टेप लावतो आणि त्यावर पेनाने लिहितो: तारीख, लांबी, कोणत्या भारावर किती वेळ तपासली. अमळनेरच्या त्या हॉलमध्ये आता ऑप्टिकल केबल आहे, ती प्लास्टरमध्ये गाडलेली नाही, मोठ्या पाइपातून गेली आहे. पाइपात केबलच्या सोबत एक नायलॉनची दोरीही या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडून ठेवली आहे. पुढची केबल ओढायला भिंत फोडावी लागणार नाही.